बाटली हलवून पाहणारा माणूस

आमच्या काकांच्या हातात कुठलीही बाटली आली की ते आधी ती हलवायचे. मग उजेडाकडे धरायचे, डोळे बारीक करायचे आणि तळाशी काय बसतंय ते बघत राहायचे. खोकल्याचं औषध असो, लिंबाचं सरबत असो, नाही तर वांग्यावर फवारायचं औषध असो. हॉटेलात पाण्याची बाटली पुढ्यात आली तरी तेच. वेटर बिचारा घाबरून म्हणायचा, “साहेब, सीलबंद हाय.” काका म्हणायचे, “हाव बाप्पा, तुह्यावर शक नाई. हाताले सवय हाय.” मंगरूळपीरच्या बाजारात त्यांचं नाव बाटली डॉक्टर पडलं होतं. नव्या माणसाला वाटायचं, डॉक्टर पितो. मी चिडायचे आणि काका पोट धरून हसायचे.

हा बाटली डॉक्टर लहान मुलांच्या लशींमधला जगभर नावाजलेला माणूस होता, असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही एकदोघी गालात हसतात. हसोत बापड्या. गावाबाहेरच्या आमच्या मळ्यात मेथी-सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत वाढलेला हा मुलगा नागपुरात डॉक्टर झाला, काही वर्षं सरकारी दवाखान्यात राबला आणि तिथून जो निघाला तो थेट जिनिव्हाला पोचला. कारखान्यातून निघालेली लस पोराच्या दंडात जाईपर्यंत बिघडू नये म्हणून काय काय करायचं, याचे नियम तिथे बसून लिहिणाऱ्यांत काका होते. वाळवंटात उंटाच्या पाठीवर फ्रीज बांधून लस नेली. लढाई चाललेल्या मुलखात दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांसोबत चहा पिऊन एक दिवस गोळीबार थांबवून घेतला आणि तेवढ्यात पोरांना डोस पाजले. हे सगळं ते रविवारी फोनवर बाबांना सांगायचे. बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. काका विचारायचे, “दादा, वांग्याले काय भाव हाय?” आणि बाबा विचारायचे, “तुह्ये उंट कसे हायेत?”

बाबांचं जग म्हणजे मळा आणि पहाटेची हर्रास. भाजी बाजारात बोली लागेपर्यंत पान कोमेजता कामा नये, एवढा एकच ध्यास. ओल्या पोत्यात जुड्या कशा गुंडाळायच्या, वारं कुठून लागू द्यायचं, हे त्यांच्याकडून शिकावं. आमच्या भावकीत लग्न असलं की आइस्क्रीमच्या पॉटजवळ बाबाच बसायचे. बर्फाच्या चुऱ्यात मूठमूठ खडे मीठ टाकत राहायचे, म्हणजे आतलं दूध दगडासारखं गोठतं. काकांचं बोलणं उंटांपर्यंत बाबा कान देऊन ऐकत. एकदा काका अंश आणि तापमानावर आले की बाबा खुशाल घोरायला लागत.

दोघांच्या मध्ये एक बहीण होती, बेबी. तिला घटसर्प झाला. घशात पांढरट पडदा धरतो, श्वास कोंडतो, लेकरू डोळ्यांदेखत घुसमटतं. तेव्हा आमच्या मळ्यापासून दवाखान्यापर्यंत नीट रस्ताही नव्हता. बाबा स्वतःच पोरसवदा, त्यांनी तिला पाठीशी बांधलं आणि चिखलातून पळत नेलं. पोचले तेव्हा पाठीवरचं ओझं शांत झालं होतं. बाबा हे कधीच बोलले नाहीत, मला हे काकांनी सांगितलं. काका तेव्हा मागून चपला घेऊन पळत होते. “दादाच्या चपला चिखलात राह्यल्या होत्या,” ते म्हणाले, “मले वाटे चपला दिल्या का तो अजून जोरात पळन.” मी मराठी शिकवते, शब्दांचं मला अप्रूप नाही, पण हे वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं.

काकांची एक ठरलेली शिकवण होती आणि ती ते प्रत्येक सिस्टरला ऐकवायचे: “बर्फाले घाम फुटू द्या.” लशीच्या डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पेट्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या टाकायच्या नाहीत. बाहेर ठेवायच्या, वरून पाणी सुटू द्यायचं, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच डब्यात. कारण घटसर्पाच्या लशीला थंडी लागते, पण ती गोठली की संपली. परत पातळ झाली तरी तिच्यात जीव उरत नाही. मग बाटली हलवली की आतलं पांढरं भराभर तळाला बसतं. काकांच्या हाताला लागलेली ती सवय इथून आलेली. “ऊन लशीले मारते हे साऱ्यायले समजते,” काका म्हणायचे. “थंडी मारते हे कोनालेच पटत नाई. माया करनाऱ्या मानसाले तं बिलकुलच पटत नाई.”

निवृत्त झाल्यावर काका एका उन्हाळ्यात महिनाभरासाठी म्हणून आले. लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे वाट बघणारं तिकडे कोणी नव्हतं. आल्या आल्या त्यांच्या कानावर आलं की मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला मुलगा ऊसतोडीच्या फडात घटसर्पानं गेला. काका दुसऱ्याच दिवशी तांड्यावर गेले. मुलाची आई कविता ओट्यावर बसली होती आणि मांडीवर धाकटी दुर्गा होती. काकांनी दुर्गाचं कार्ड मागितलं. डोस अर्धवटच होते. दिवाळीनंतर तांडा ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जायचा तो उन्हाळ्यात यायचा. सिस्टर तांड्यावर यायची तेव्हा लेकरं फडात, आणि फडात कोणी विचारायला यायचं नाही. काका संध्याकाळी घरी आले, हातपाय न धुताच बसले आणि मला म्हणाले, “मास्तरीणबाई, मी अख्ख्या जगाले सांगत फिरलो का एक लेकरूही सुटलं नाई पायजे. अन् इथं, माह्या उशाशी, तांडाच्या तांडा सुटून राह्यला.” जिनिव्हाचं परतीचं तिकीट त्यांनी वापरलंच नाही.

दिवाळीपर्यंतचे सगळे महिने काका त्या तांड्यावर जाऊन नुसते बसायचे. भाषण नाही, पोस्टर नाही. म्हाताऱ्या बायांना सुईची भीती नव्हती, सुईनंतर येणाऱ्या तापाची होती. फणफणलेलं लेकरू फडात कुठे ठेवायचं, आणि त्याच्यापाशी बसलं तर कोयता कोणी चालवायचा? प्रश्न खराच होता. मी एकदा वैतागून म्हटलं, “काका, यांना पटवायला अजून किती दिवस लागणार?” ते म्हणाले, “पटवाचं नसते वो, बसाचं असते.” शेवटी त्यांनी नाही, कवितानंच पटवलं. एका दुपारी ती सगळ्या बायांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “माह्या पोराले सुईचा ताप आला असता तं तो आज इथं असता. तापाले कायले भेता वो?” त्यानंतर कोणी नाही म्हटलं नाही.

ठरलं ते असं. दिवाळी झाल्यावर ज्या सकाळी ट्रक निघणार, त्याच सकाळी सगळा तांडा एकत्र असतो, कामावर कोणी नसतं. तेव्हाच सगळ्या लेकरांना डोस द्यायचा. कारखाना आदल्याच दिवशी निरोप पाठवतो, म्हणून आदल्या संध्याकाळी लस आणून ठेवावी लागणार होती. दवाखान्यातल्या साहेबांनी तालुक्याला होती तेवढी लस काकांच्या स्वाधीन केली. “तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळतं सर,” असं म्हणाले, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. काकांनी मोठा निळा डबा स्वतः भरला. बर्फाच्या पेट्यांना घाम फुटेपर्यंत अंगणात थांबले, एकेक पेटी कानाशी हलवून पाहिली, आत तापमापक ठेवला, झाकण लावलं आणि डबा पडवीत सावलीला ठेवला. तसा डबा दोन दिवस आरामात टिकतो. मला म्हणाले, “आता याले तांड्यावरच उघडाचं. उगाच उघडझाक नाई.” मला शाळेला सुट्टी होती. बायांना हाका मारायला मी बरोबर जाणार होते.

सकाळी आम्ही सिस्टरला घेऊन पोचलो तेव्हा ट्रक भरून तयार होते. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांचा डालगा, वर बांधलेली खाट. मुकादम हातात फोन घेऊन येरझारा घालत होता, कारखान्याचा बॉयलर पेटला होता. पण देवळापुढच्या ओट्यावर आया लेकरं कडेवर घेऊन रांगेत बसल्या होत्या. काका थबकले आणि नुसते बघत राहिले. इतकी वर्षं इतके देश हिंडलेला हा माणूस, मला हळूच म्हणतो, “दादाले आनाले पायजे होतं वो पाहाले.” बाबा हर्राशीला गेले होते. दुर्गा रांगेत पहिली होती. लाल रिबिनी लावून, बाही वर सारून, दंड पुढे करून बसली होती.

काकांनी डबा उघडला. मला सगळ्यात आधी दिसलं ते मीठ. खडे मीठ, ओलं, बर्फाच्या ढेकळांना चिकटलेलं. काकांनी ठेवलेल्या पेट्यांच्या मधल्या जागेत कोणीतरी बर्फ फोडून ठासून भरला होता, लशीच्या पिशवीच्या चारी बाजूंनी, आणि वरून मुठीनं मीठ टाकलं होतं. ती मूठ मी ओळखली. काकांनीही ओळखली. बाबा पहाटे हर्राशीला निघताना डबा उघडून गेले होते. भावाचा माल रस्त्यात कोमेजू नये म्हणून त्यांनी त्यांना ठाऊक असलेला सगळ्यात पक्का इलाज केला होता. तापमापकाचा काटा शून्याच्या पार खाली गेला होता.

काकांनी एक बाटली उचलली. ती दगड झाली होती. कडेची एक थोडी सुटलेली होती, ती त्यांनी तळहातात धरून पातळ केली, मग हलवली आणि सूर्याकडे धरली. इतक्या वर्षांत त्यांना बाटली हलवताना मी हजारदा पाहिलं होतं, टिंगलही केली होती. त्या दिवशी ते का बघतात ते मला दिसलं. पांढरे कण सुटे झाले आणि भराभर तळाला जाऊन बसले. वर नुसतं पाणी राहिलं. काकांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग खिशातून रुमाल काढला आणि बर्फावरचं आणि डब्याच्या काठावरचं मीठ पुसून घेतलं, अगदी नीट, कोपऱ्यांतून सुद्धा. सिस्टर सिरिंजा काढत होती, तिची पाठ होती. तिनं वळून पाहिलं तेव्हा डब्यात नुसता बर्फ होता.

“सर, काय झालं?” तिनं एक बाटली हातात घेतली. “चौकोन तं पांढराच हाय. लस चांगली हाय ना.” बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, लशीला ऊन लागलं की तो काळा पडतो. काका म्हणाले, “तो ऊन सांगते सिस्टर, थंडी नाई सांगत. लस गोठली. माह्या हातून झालं.” सिस्टर गोरीमोरी झाली. मग काकांच्या कानाशी लागून म्हणाली, “सर, बाया इतक्या महिन्यायनं बसल्या हो. आज उठल्या तं परत बसनार नाईत. देऊन टाका. अपाय तं काई नाई, दंड थोडा सुजन फार तं. पुढच्या वेळी नवीन देऊ.” तिला कोणी नावं ठेवू नयेत. तिचं म्हणणं मलाही त्या क्षणी पटलं होतं. काकांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. “अन् त्याईच्या मायीले काय वाटन सिस्टर? का आपलं लेकरू वाचलं. घसा दुखला तं ते म्हनन, दुखू दे, सुई झाली हाय. ते घरीच बसन. आपन त्या माऊलीले घरी बसवाचं?”

मग ते ओट्यासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, “आज सुई नाई. लस खराब झाली, माह्या चुकीनं झाली. नवीन लस जिल्ह्यातून याले तीन-चार दिवस लागतीन. तेवढे थांबा.” आया लेकरांच्या वर सारलेल्या बाह्या खाली ओढू लागल्या. बायांचा कालवा परवडला असता. कविता उठली. “डाक्टर, तुमीच तं म्हने का ट्रक निघायच्या आंधी. तुमीच म्हने का माह्यावर भरोसा ठेव. म्या या साऱ्यायले उठवून आनलं, आन् आता तुमी खराब झाली म्हनता?” काका म्हणाले, “हाव.”

ते मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, “साहेब, माह्या हातात काय हाय? आज टोळी नाई पोचली तं दुसऱ्या गावची उतरवतीन.” काका वाकले आणि त्याच्या पायांना हात लावला. पांढऱ्या केसांचा माणूस, ज्याच्या शब्दावर कुठेकुठे बंदुका थांबल्या, तो एका मुकादमाच्या पाया पडत होता. मुकादम दचकून मागे सरला, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ट्रक थांबले नाहीत. काका धावत कविताकडे आले. “पोरीले माह्यापाशी ठेव. आठ दिवसांत डोस देऊन मी सोता आनून देतो.” कवितानं दुर्गाला घट्ट धरलं. “एक लेकरू नजरेआड झालं तवा गेलं डाक्टर. मी ऊस तोडाले गेली होती, ते पालात एकटं होतं. आता इले नाई सोडत.” तिचंही चूक नव्हतं. त्या सकाळी तिथे कोणाचंच चूक नव्हतं, याचाच मला आजही संताप येतो. ट्रक निघाले. दुर्गाची बाही अजून वरच होती.

परतताना काका गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, “मी बाबांना सांगणार. आजच.” काका म्हणाले, “माही शपथ हाय तुले.” मी म्हटलं, “का? तुम्ही का म्हणून घ्यायचं अंगावर?” ते म्हणाले, “एक लेकरू त्याच्या पाठीवर गेलं वो. दुसरं कायले देऊ त्याले?”

संध्याकाळी बाबा अंगणात वाटच बघत होते. एखादं पोर गंमत करून लपतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. “काय रे, झालं का सारं? टिकला का बर्फ?” काका पायरीवर बसून चपला काढत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हसले. “टिकला दादा. मस्त टिकला.” बाबा खूश होऊन आत गेले आणि आईला म्हणाले, “त्याले जास्तीचं वाढजो आज.”

नवीन लस आली त्या दिवशी काका निघाले. तांड्याच्या टोळ्या कुठल्या कुठल्या फडांवर पांगल्या होत्या. काका तिथल्या दवाखान्यांच्या दारात उभे राहिले, भांडले, हात जोडले आणि उसाच्या फडाफडांतून पालं शोधत फिरले. बरीच लेकरं सापडली, त्यांना डोस झाले. कविताची टोळी मात्र एका फडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर हलवली होती. ती सापडली तेव्हा दुर्गाचा घसा सुजलेला होता. काकांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि त्यांना पांढरा पडदा दिसला. मला फोन आला. आवाज ओळखू येईना. “मास्तरीणबाई, सीरम पायजे. कुठूनही.” घटसर्प एकदा धरला की लस कामाची नसते, त्याचं विष मारणारं सीरम लागतं आणि ते दुर्मीळ झालं आहे. काकांनी मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून सगळ्या जगाला फोन लावले. जुने सहकारी, मोठमोठे साहेब, ज्यांना त्यांनी शिकवलं ते. सगळे धावले. एकानं विमानानं पाठवलंही. ते पोचलं तेव्हा कविता दुर्गाच्या रिबिनी सोडत होती.

बातमी इकडे आली ती बाजारातून. बाटली डॉक्टरनं तांड्याची लस खराब केली आणि त्यापायी पोर मेलं, असं हर्राशीत कोणी म्हणालं. बाबांनी त्याची कॉलर धरली. भाजी तशीच टाकून घरी आले. काका दोनच दिवस आधी परतले होते, पडवीत बसले होते. “लोक काय म्हनून राह्यले रे? म्हन, खोटं हाय.” काका म्हणाले, “खरं हाय दादा. माह्या हातून झालं.” मी दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही, पण त्या शपथेनं मी बांधलेली होते. बाबा ओरडले, “साऱ्या दुनियेले अक्कल शिकवली तू, अन् इथं झोपला होता का? पोट्टी मेली रे! घशानं मेली! बेबीले काय सांगशील तू?” काका खाली मान घालून बसले होते. बाबांनी काकांची पिशवी आणून अंगणात ठेवली. तेव्हापासून बाबा त्यांच्याशी बोलले नाहीत.

काका आसेगावला एका खोलीत राहायला गेले. काम सोडलं नाही. कुठल्याही तांड्यावर गेले की आधी स्वतःच सांगायचे, “माह्या हातून लस खराब झाली होती, ऐकलं असन तुमी.” मी म्हणायचे, कशाला सांगता? ते म्हणायचे, “दुसऱ्याकडून ऐकन्यापेक्षा बरं.” काही बायांनी तोंडावर दार लावलं. कविता उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिनं लावलं नाही. ती ओट्यावर येऊन त्यांच्यापासून लांब बसायची, बोलायची नाही आणि उठून जायचीही नाही. मी रविवारी जेवणाचा डबा घेऊन जायचे. काका पहिलं विचारायचे, “दादाले खोकला हाय का अजून? वांग्याले काय भाव हाय?” मी एकदा हट्टाला पेटले की आता पुरे झालं, मी सांगते. काका हसले. “रागावला हाय तं जगून राह्यला ना. समजलं तं मरन तो.”

गेल्या थंडीत मानोऱ्याच्या एसटीची वाट बघत काका मंगरूळपीरच्या स्टँडवर बसल्या बसल्या गेले. डबा मांडीवर होता आणि त्याच्यावर दोन्ही हात होते. सिस्टरनं डबा उघडून पाहिलं तर लस उत्तम होती. तिनं डोळे पुसले, तोच डबा घेऊन ती पुढच्या एसटीनं तांड्यावर गेली आणि लेकरांना डोस दिले. काकांना दुसरं काही नको होतं. बाबा स्मशानात आले, सगळं केलं, आणि मळ्यात निघून गेले.

हे मी लिहिते आहे आणि बाबा आतल्या खोलीत आहेत. त्यांच्या डोळ्यांना आता छापलेलं दिसत नाही. पेपर मीच वाचून दाखवते, त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत पोचायची भीती नाही. परवा त्यांना खोकल्याचं औषध द्यायला गेले, तर उठून बसले होते. काकांचं नाव त्यांनी इतक्या दिवसांत घेतलं नव्हतं, ते आपणहून म्हणाले, “मास्तरीण, एक गोष्ट मले समजतच नाई वो. त्या दिवशी पहाटे म्या डबा उघडून पाह्यला होता. बर्फाले नुसता घाम सुटला होता. म्या म्हनलं, गेला याचा माल. मंग बर्फ आनला, मीठ टाकलं, चांगला ठासून भरला. म्या तं इतका जपून देल्ला होता. मंग त्यानं तो खराब केला तरी कसा?”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी औषधाची बाटली हलवली, उजेडाकडे धरली आणि हलवतच राहिले.